नदी पहाटे का गुदमरते?

सांगली, हरिपूर, अंकली या पट्ट्यात कृष्णेत मासे मेल्याची बातमी येते ती बहुधा सकाळची असते. आदल्या संध्याकाळी घाटावर फिरायला गेलेल्यांना वावगे काही दिसलेले नसते, आणि उजाडल्यावर पाहावे तर काठाला पांढऱ्या पोटांचा थर लागलेला. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ असेच मोठ्या संख्येने मासे मेले. उन्हाळ्याच्या तोंडाशी किंवा पहिल्या पावसात असे घडणे या नदीला नवे नाही. दर वेळी दोन गोष्टी कोड्यात टाकतात. शहराचे सांडपाणी आणणारा शेरीनाला कृष्णेला सांगलीत मिळतो, पण मेलेले मासे कित्येकदा काही किलोमीटर खाली सापडतात. आणि दुपारी पाण्याचे नमुने घेतले की त्यातला प्राणवायू माशांना पुरेल इतका भरतो. मग लोक म्हणतात, अहवाल खोटा आहे. अहवाल अगदी खरा असू शकतो. चुकीच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाचे ते बरोबर उत्तर असते.

सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या घरातून नदी दिसत नाही, त्यामुळे हा काठावरच्यांचा प्रश्न वाटतो. पण शहराच्या नळाला येणारे पाणी कृष्णेतूनच उपसलेले असते, आणि मोरीतून गेलेले पाणी गटारांतून, नाल्यांतून उताराने पुन्हा नदीचीच वाट धरते. ज्या भूभागावर पडलेला किंवा सांडलेला थेंब अखेर एकाच नदीत जातो, तो तिचा पाणलोट. महाबळेश्वरचा डोंगर, कऱ्हाडचा बाजार, वाळव्यातला उसाचा फड आणि विश्रामबागेतले न्हाणीघर हे सगळे एकाच पाणलोटात येते. नदीची तब्येत बिघडते कशी हे समजून घ्यायचे तर सुरुवात तिच्या श्वासापासून करावी लागते.

पाण्यात प्राणवायू मावतो किती?

एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर नदीच्या पाण्यात 25 अंश तापमानाला तो जेमतेम 8 मिलिग्रॅम मावतो, म्हणजे हवेतल्याच्या तिसाव्या भागाइतकाही नाही. मासा आयुष्यभर या तुटपुंज्या शिध्यावर जगतो. त्यातही पाणी तापले की शिधा घटतो. उन्हात ठेवलेल्या सोड्याच्या बाटलीतला वायू भसकन निघून जातो, त्याच कारणाने 20 अंशांना 9 मिलिग्रॅम धरून ठेवणारे पाणी 30 अंशांना साडेसातवर येते. उलट उबेत माशाची आणि पाण्यातल्या इतर सगळ्या जिवांची गरज वाढते. एप्रिल-मे महिन्यांत नदीची मिळकत कमी आणि खर्च जास्त असतो, तेव्हा थोडासा धक्काही तिला पुरतो.

प्राणवायू 4 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे अस्वस्थ होतात, 2 च्या खाली गेला की पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. मरळ मात्र हवेतून थेट श्वास घेऊ शकते, म्हणून ती तगून राहते. कोणते मासे मेले हा त्यामुळे पंचनाम्यातला फार मोलाचा तपशील आहे. मोठे मासे आधी मेले, पहाटे मेले आणि मरळ वाचली, तर प्राणवायू संपला असावा. लहान-मोठे, मरळीसकट सगळेच भर दिवसा मेले, तर विषाचा संशय घ्यायला हवा. नुसते ‘मासे मेले’ एवढेच लिहिले तर हा धागा हातचा जातो.

नाल्याची भूक

सांडपाण्यात अन्नाचे कण, मैला, साबण हे सगळे असते. ते बहुतांशी विष नसते, जिवाणूंच्या दृष्टीने तर ती पंगत असते. जिवाणू त्यावर ताव मारतात, आणि जेवताना श्वास घेतात तो पाण्यातल्याच प्राणवायूचा. घाणीची मोजणी म्हणून तिच्या वजनाने करत नाहीत, ती पचवायला किती प्राणवायू लागेल यावरून करतात. या मापाला जैविक प्राणवायू मागणी म्हणतात. बातम्यांत येणारा ‘बीओडी’ तो हाच. आपण त्याला नाल्याची भूक म्हणू. चाचणी साधी आहे: पाण्यातला प्राणवायू आधी मोजायचा, बाटली बंद करून अंधारात ठेवायची, काही दिवसांनी पुन्हा मोजायचा, आणि मधली तूट म्हणजे भूक. ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाच्या 1912 च्या अहवालातून रूढ झालेल्या पद्धतीत बाटली पाच दिवस ठेवतात. ती 20 अंशांना ठेवण्याची रीत पुढे सर्वमान्य झाली. आपल्या उष्ण हवेला साजेशी भारतीय पद्धत 27 अंश आणि तीन दिवसांची आहे.

आंघोळीला योग्य नदीत ही भूक लिटरमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी आणि प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम असावा, असा आपला निकष आहे. घरगुती सांडपाण्याची भूक साधारण 200 ते 300 असते. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या तपकिरी पाण्याची, ज्याला कारखान्यात स्पेंटवॉश म्हणतात, कच्ची भूक 40 ते 60 हजार असते. हिशेब करून पाहा. दहा हजार लिटरचा असा एक टँकर रात्री ओढ्यात रिकामा झाला, तर त्याची भूक वीस लाख लिटर सांडपाण्याइतकी, म्हणजे सुमारे अठरा हजार माणसांच्या एका दिवसाच्या सांडपाण्याइतकी भरते. टँकर रिकामा व्हायला काही मिनिटे लागतात.

आता शहराचा हिशेब. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. माणशी रोज 135 लिटर पाणी आणि त्यातले 80 टक्के सांडपाणी हा नेहमीचा ठोकताळा धरला, तर रोज सुमारे 5 कोटी 40 लाख लिटर सांडपाणी होते. भूक 250 धरली तर त्याला रोज साडेतेरा टन प्राणवायू लागेल. नदीत 8 मिलिग्रॅम प्राणवायू असताना तो 4 च्या खाली जाऊ द्यायचा नाही असे ठरवले, तर दर घनमीटर पाणी फक्त 4 ग्रॅम देऊ शकते. सगळे सांडपाणी शुद्ध न करता सोडले आणि नदीला हवेतून काहीच परत मिळाले नाही असे मानले, तर ते पचवायला जवळजवळ 1,400 क्युसेक प्रवाह अखंड हवा. पुराच्या दिवसांत लाखाच्या घरातले क्युसेकचे आकडे ऐकायची सांगलीकरांना सवय आहे. पण कोयना धरणातून पाणी आले नाही तर उन्हाळ्यात आयर्विन पुलाखाली उरणारी धार यापुढे किती तोकडी आहे, ते पुलावर उभे राहिले तरी कळते.

मासे खाली का मरतात?

वरच्या हिशेबात नदीला हवेतून काही मिळत नाही असे मानले होते. प्रत्यक्षात मिळते. पाण्याचा पृष्ठभाग सतत हवेतून प्राणवायू ओढत असतो, आणि खडकांवरून खळखळणारे पाणी तो अधिक ओढते. म्हणजे नदीच्या खात्यात एकाच वेळी खर्चही पडतो आणि जमाही. अमेरिकेतल्या ओहायो नदीचा अभ्यास करून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी 1925 साली या दोन्हींचे गणित मांडले. नाला मिळतो त्या जागी पंगत नुकतीच बसलेली असते, म्हणून प्राणवायू अजून बराच शिल्लक असतो. पाणी पुढे सरकते तसा खर्च वाढतो, जमा मागे पडते आणि शिल्लक खाली खाली जाते. मग खाणे संपत आले की खर्च ओसरतो आणि हवेतली जमा हळूहळू खाते भरून काढते. नदीच्या लांबीवर प्राणवायूचा आलेख काढला तर तो खड्ड्यासारखा दिसतो.

या खड्ड्याचा तळ नाल्याच्या तोंडाशी कधीच नसतो. तो काही तासांच्या किंवा एक-दोन दिवसांच्या प्रवासानंतर येतो. उन्हाळ्यातले पाणी सेकंदाला दहा सेंटिमीटर सरकत असेल, तर दिवसात ते साडेआठ किलोमीटर जाते. सांगलीत पडलेल्या घाणीचा फटका अंकलीच्या माशांना बसतो तो यामुळे. आणि तिथे मासे तरंगताना दिसतात तेव्हा ती घाण वाहून आणणारा नाला पुन्हा नेहमीसारखा झालेला असतो. त्या दिवशी नाल्याच्या तोंडाशी घेतलेला नमुना निर्दोष भरला, तर त्यात आश्चर्य नाही.

रात्रीचा खर्च

दुसरे कोडे शेवाळाने घातलेले आहे. पाण्यातल्या हिरव्या सूक्ष्म वनस्पती उन्हात प्राणवायू बनवतात. खतयुक्त, हिरवट पाण्यात दुपारी तो इतका वाढतो की कधी कधी पाण्याच्या नेहमीच्या क्षमतेपेक्षाही जास्त भरतो. सूर्य मावळला की बनवणे थांबते, पण श्वास घेणे थांबत नाही. शेवाळ, जिवाणू, मासे, तळातला चिखल हे सगळे रात्रभर एकाच साठ्यातून खर्च करतात आणि सूर्योदयाच्या जरा आधी साठा सर्वांत खाली येतो. सकाळी अकराला घेतलेला नमुना म्हणजे पगाराच्या दिवशी पाहिलेले पासबुक. महिनाअखेरीचे हाल त्यावरून कसे कळणार?

त्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे येतात. पावसाळा संपला की त्यांत बरगे घालून पाणी अडवतात, म्हणून सांगली, म्हैसाळ, राजापूर अशा बंधाऱ्यांमागे शेतीला आणि पिण्याला पाणी मिळते. त्यांची गरज कोणी नाकारणार नाही. पण आठ महिने नदी ही नदी न राहता तळ्यांची माळ होते. अडलेले पाणी हवेतून कमी प्राणवायू घेते, त्यातला गाळ तळाशी बसून कुजत राहतो, आणि तळाचे पाणी काळपट, श्वास संपलेले होते. पावसाच्या तोंडावर बरगे काढले की ते पाणी एकदम खाली सुटते. त्याच सुमारास पहिला वळीव गटारांत साठलेली महिन्यांची घाण धुऊन आणतो. पहिल्या पावसात पाणी वाढूनही मासे मरतात, त्याचे हे उत्तर आहे.

चौकट: बाटलीतला प्राणवायू डोळ्यांनी कसा पाहतात
1888 साली हंगेरीच्या लायोश विंकलरने शोधलेली ही पद्धत कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहज होते. 300 मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरतात, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. तिच्यात मँगनीज सल्फेट आणि आयोडाइड मिसळलेले अल्कलीचे द्रावण सोडतात. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. मग आम्ल घातले की तपकिरी साका विरघळून पाणी सोनेरी होते, स्टार्चच्या थेंबाने गडद निळे. त्यात हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, थेंबथेंब सोडत राहायचे. एका थेंबाला निळा रंग अचानक नाहीसा होतो. ठरावीक प्रमाण घेतले तर जितके मिलिलिटर हायपो लागले, तितके मिलिग्रॅम प्राणवायू दर लिटरला.

मोजायचे कधी, कुठे आणि कशासाठी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशातले नद्यांचे 311 पट्टे प्रदूषित ठरले, त्यांपैकी 55 महाराष्ट्रातले, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. असे अहवाल मुख्यतः ठरावीक जागी महिन्यातून एकदा भरलेल्या बाटल्यांवर उभे असतात. वर्षानुवर्षे नदी सुधारते आहे की बिघडते आहे हे सांगायला ही पद्धत चांगली आहे, आणि ती चालूच राहावी. मात्र मासे मारणारी घटना काही तासांची असते. महिन्यातून एकदा दार वाजवणाऱ्याला रात्रीचा चोर भेटण्याची शक्यता किती? कृष्णेला पहाटेची, सलग आणि प्रवाहाच्या लांबीवर पसरलेली मोजणी हवी, हे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की कारखान्यांना ऑनलाइन मापके बसवायला लावली आहेतच. 2014 मध्ये केंद्रीय मंडळाने साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्यांसह 17 प्रकारच्या उद्योगांना तसे आदेश दिले, आणि ते योग्यच झाले. पण ते मापक कारखान्याच्या अधिकृत पाइपावर असते. टँकर पाइपातून जात नाही, ओढा मीटरमधून वाहत नाही आणि गावांच्या, शहरांच्या नाल्यांना मीटर नाही. नदीतले मापक कोणी सोडले हे विचारत नाही. जे आले ते नोंदते, वेळेसकट. ‘कोण घाण करते ते सगळ्यांना माहीत आहे, मोजून काय होणार’ असे चिडून म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. माहीत असणे आणि सिद्ध होणे यांत वेळेची नोंद हाच दुवा असतो. रात्री दोनला अमुक दोन जागांच्या मध्ये पाणी बदलले, एवढे कळले तरी शोध शंभर किलोमीटरवरून पाचावर येतो. निरपराध कारखान्यावरचा आळही त्याच नोंदीने टळतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. पाण्यात बुडवलेल्या मापकावर काही दिवसांत शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो आणि आकडे बहकतात. यंत्र विकत घेणे सोपे, दर आठवड्याला ते पुसून, तपासून पुन्हा लावणारा माणूस टिकवणे अवघड. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सांगलीचे कार्यालय विश्रामबागेत आहे आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय व विलिंग्डन महाविद्यालयही विश्रामबागेतच. रसायन, स्थापत्य, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी शेकडो मुले नदीपासून काही किलोमीटरवर असताना माणसांची वाण म्हणणे पटत नाही. शिवाय वीज न लागणारे साक्षीदारही आहेत. दगड उलटून पाहिला तर खाली कीटकांच्या अळ्या सापडतात. मेफ्लायच्या अळीला स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. रक्तासारखी लाल अळी मात्र घाणीतही तगते. दगडाखाली नुसत्या लाल अळ्या उरल्या असतील, तर गेल्या काही आठवड्यांत नदीवर काय गुजरले हे कळते, मग आजची बाटली कितीही स्वच्छ निघो.

तिसरे म्हणणे सांगलीत नेहमी ऐकू येते: पूर आला की नदी धुऊन निघते. पात्रातला बराच गाळ पुरात जातो हे खरे. पण ऑक्टोबरात बरगे पडतात आणि पुढचे आठ महिने नवा गाळ साठतो. पुराने मागचे खाते मिटते, नवा खर्च थांबत नाही.

विरजण आणि उरलेले खत

सुधारणेचा मुख्य मार्ग मात्र जुनाच आहे. नदीत जिवाणू जे करतात ते आधीच टाकीत करून घ्यायचे, म्हणजे नदीच्या प्राणवायूवर बोजा पडत नाही. टाकीत हवा फुंकायची, जिवाणूंना घाण खाऊ द्यायची, मग ते तळाशी बसले की त्यांतला काही साका नव्या सांडपाण्यात परत घालायचा. घरोघर दही लावताना कालचे विरजण आजच्या दुधात घालतात, तसेच. 1914 साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही पद्धत दाखवली आणि आजही जगातली अनेक शहरे तिच्यावर चालतात. विरजणाचा नियमही तोच: फुंकणी बंद पडली, वीज गेली, तर ते मरते आणि पुन्हा लागायला दिवस जातात. शेरीनाल्याचे पाणी उपसून धुळगावला नेण्याची, तिथे शुद्ध करून शेतीला देण्याची योजना याच विचारातून आली. तिचे यश किती कोटी खर्च झाले यावर ठरत नाही. पंप वर्षातले किती तास चालले आणि नाला किती तास नदीत पडला, यावर ठरते. तो तासांचा आकडा दर महिन्याला नागरिकांना दिसायला हवा.

भूक भागवली तरी सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद बरेचसे उरतात. उसाला गरजेपेक्षा जास्त दिलेले खतही पाटपाण्यासोबत ओढ्यात उतरते. जास्तीच्या पाण्यानेच कृष्णाकाठची काळी जमीन क्षारपड झाली आहे, म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान आणि नदीचे नुकसान एकाच पाटातून वाहते. हे खत पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी वाढवते, आणि शेवाळ वाढले की पहाटेचा खड्डा खोल होतो. म्हणून ठिबक, मातीपरीक्षण आणि ओढ्याकाठी राखलेला गवताचा पट्टा यांना मी नदीसुधारणेचीच कामे समजतो. ती नदीपासून दहा किलोमीटर लांब असली तरी.

खाडीचा अनुभव

समुद्राला मिळताना नदीची खाडी होते तेव्हा हा प्रश्न आणखी बिकट होतो, कारण भरती-ओहोटी तीच घाण पुढे-मागे घोळवत राहते. लंडनच्या थेम्सच्या खाडीला 1957 साली शास्त्रज्ञांनी जैविकदृष्ट्या मृत म्हटले होते. पुढे शुद्धीकरण केंद्रे वाढवली, 1974 मध्ये तिथे सामन मासा पुन्हा सापडला आणि आज शंभरहून अधिक जातींचे मासे आहेत. मला त्यातली लक्षणीय गोष्ट ही वाटते, की तिथे प्राणवायूची स्वयंचलित मापके बसली आणि आकडा घसरला की पाण्यात प्राणवायू सोडणारी बोट त्या जागी निघे. मोजणाऱ्याच्या शेजारी काही तरी करणारा बसलेला होता.

कृष्णेची खाडी हंसलदीवीला, आंध्रात, इथून फार दूर आहे. पण कोयनेचे बरेच पाणी वीजनिर्मितीनंतर पश्चिमेला वाशिष्ठीत उतरते आणि दाभोळच्या खाडीला जाते, म्हणजे एकाच धरणाचे पाणी दोन समुद्रांच्या वाटा धरते. सांगलीला हवे तेव्हा कोयनेतून पाणी सोडा, ही मागणी म्हणून सोपी नसते. शिवाय त्या पाण्याला वाटेतल्या उपसा योजना आणि बंधारे ओलांडून इथवर पोचायला वेळ लागतो. मासे तोंड उघडू लागल्यावर ते मागवले तर उशीर झालेला असतो.

इथे त्या खड्ड्याचे गणित उपयोगी पडते. घाण पडल्यापासून प्राणवायू तळाला जाईपर्यंत काही तास ते एक-दोन दिवस हाताशी असतात. मळीचे पाणी क्षारांनी भरलेले असते, म्हणून ते नदीत आले की पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता, त्याच क्षणी वाढते, प्राणवायू अजून उतरायचा असतानाच. तेव्हा पहिली मापके अंकलीत बसवून भागणार नाही. एक सांगलीच्या वर, एक शेरीनाल्याच्या लगेच खाली, एक वारणेच्या संगमापाशी हरिपूरला, आणि चौथे अंकलीला हवे. वरच्या तिघांनी वाहकता पाहायची आणि चौथ्याने पहाटेचा प्राणवायू. वरचा आकडा रात्री दोनला उसळला, तर धुळगावचे पंप पूर्ण क्षमतेने चालवायला, बंधाऱ्याचे बरगे थोडेथोडे उघडायचे की नाही ते ठरवायला, खालच्या गावांना पाण्याचा उपसा थांबवायला सांगायला आणि नमुना त्याच पाण्याचा भरायला अख्खी रात्र आणि कदाचित पुढचा दिवसही हाताशी उरतो.